निधनवार्ता: आतल्या पानावरच्या चार ओळी

कृष्णाकाठ

आमच्या सांगली-कोल्हापूरकडे घरातलं वडीलधारं माणूस पेपर हातात घेतलं की आधी आतलं पान काढतं. पंतप्रधान, क्रिकेट, ऊसदर सगळं नंतर. आधी कोण गेलं ते बघायचं. लहानपणी मला हे भयंकर वाटायचं. आता पुण्यात राहून मीही मोबाईलवर गावाकडची आवृत्ती उघडतो आणि तेच पान शोधतो.

मजकूर सगळ्यांना पाठ असेल. "येथील गावभागातील रहिवासी व निवृत्त एसटी चालक अमुक तमुक (वय ७८) यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता अमरधाम स्मशानभूमी येथे आहे." संपलं. ना विशेषण, ना "पोकळी निर्माण झाली".

मोठ्या माणसांवरचे मृत्युलेख हा वेगळा प्रांत. टिळकांच्या 'केसरी'पासून अत्र्यांच्या 'मराठा'पर्यंत त्याची थोर परंपरा आहे आणि त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते या चार ओळींबद्दल. त्या कुणी लिहिल्या याचा पत्ता नसतो, त्यांचे पैसे पडत नाहीत (निदान पडत नसत), आणि बहुतेक माणसांचं नाव आयुष्यात एकदाच छापून येतं ते इथे.

माझं म्हणणं असं, की ही वार्ता गेलेल्या माणसाविषयी नसतेच. ती मागे राहिलेल्यांना बोलावणं असते. कळीचा भाग शेवटचं वाक्य. माणूस दुपारी गेला तर संध्याकाळपर्यंत दहन होतं. सकाळच्या पेपरला ते गाठता येत नाही. पण आमच्याकडे रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी, कुठे दुसऱ्या दिवशीही, आणि ते पेपरला बरोबर गाठता येतं. ज्यांना दहनाला पोचता आलं नाही ते मिरज, इचलकरंजी, जयसिंगपूरहून सकाळच्या गाडीने येतात. १९३९ पासून निघणारा कोल्हापूरचा 'पुढारी' घ्या की नंतर जिल्ह्यात आलेली पुण्या-मुंबईची दैनिकं घ्या, या पट्ट्यात ज्याला खपायचं होतं त्याला हे सदर चालवावंच लागलं.

आता हे काम व्हॉट्सॲपने घेतलंय. चौकात फ्लेक्स लागतो. तुमच्याकडे काय चित्र आहे? पद्धत काय, शब्द काय, कोण वाचतं? लिहा.

चोखंदळ

पहिला!

धागा चांगला, पण थोडा गहिवर जास्त झालाय. माझ्या मते ती फुकटची जागाभरणी. जाहिरात आली की पहिल्यांदा हाच कॉलम कापतात. शिवाय ज्याला कळायला हवं त्याला फोन गेलेलाच असतो. पेपरात बघून कोण येतं?

कृष्णाकाठ

@चोखंदळ, फोन जातो तो नातेवाइकांना. पेपरात बघून येतो तो मिलमधला जुना सोबती, भिशीतला माणूस, वीस वर्षं ज्याच्याकडे दाढी केली तो. त्याचा नंबर मुलाकडे नसतो. मुलाला तो माणूस आहे हेच माहीत नसतं.

शेवटचं पान

बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. आता निवृत्त. हे सदर माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्या उपसंपादकाला सुरुवातीला तीन गोष्टी देतात: बाजारभाव, आजचे कार्यक्रम आणि निधनवार्ता. या तिन्हींत चूक झाली तर सकाळी फोन येतोच. अग्रलेखात चूक झाली तर सहसा कुणी फोन करत नाही.

तालुक्याच्या बातम्या तेव्हा एसटीने यायच्या. वार्ताहर दुपारी पाकीट करून कंडक्टरच्या हातात द्यायचा, आमचा शिपाई स्टँडवर उभाच असायचा. बऱ्याच गावांत वार्ताहर म्हणजेच पेपरचा एजंट, आणि एजंट म्हणजे किराणा दुकानदार नाहीतर शाळामास्तर. त्या पाकिटात ग्रामसभा, चोरी, सत्कार आणि तळाला एका कागदाच्या कपट्यावर निधनवार्ता. गाडी चुकली तर वार्ता एक दिवस मागे, आणि एक दिवस मागे म्हणजे रक्षाविसर्जन होऊन गेलेलं. तेव्हा अशा वेळी शेवटचं वाक्य काढून टाकायचो. मग फॅक्स आला, मग ईमेल, आता व्हॉट्सॲपवर फोटोसकट येते.

खातरजमा. धागाकर्त्याने याबद्दल काही लिहिलं नाही, पण कामाचा अर्धा भाग तोच. आमचा नियम साधा होता: कळवणाऱ्याचं नाव, नातं आणि उलट फोन करता येईल असा नंबर. शंका आली तर स्मशानभूमीच्या कार्यालयात विचारायचं, तेही नाही जमलं तर त्या गल्लीत पेपर टाकणाऱ्या विक्रेत्याला. विक्रेत्याला सगळं माहीत असतं, कारण कुणाच्या दारात गर्दी होती ते त्याने पहाटे पाहिलेलं असतं. चिडून कुणी जिवंत माणसाची वार्ता पाठवणं हे गोष्टीत घडतं असं समजू नका. जमिनीचे वाद असलेल्या घरांतून असे कागद यायचे.

आणि "पश्चात" हा भांडणाचा मुलूख. धाकट्याचं नाव घालू नका म्हणून थोरला ऑफिसात येऊन बसतो. दुसऱ्या पत्नीचं काय करायचं? पहिलीचा मुलगा रात्री साडेनऊला फोन करतो, दुसरीचा पावणेदहाला. म्हणून आमच्या संपादकांनी नावं बंदच केली; फक्त "दोन मुले, तीन मुली" अशी मोजणी ठेवली. मग मोजणीवरून भांडणं. लोकांना वाटतं पेपरात नाव आलं की वारस लागला. तसं काही नसतं. वारसाचं प्रकरण कोर्टात जातं, त्यासाठी जी जाहीर नोटीस छापतात तिचा या सदराशी काडीचा संबंध नाही. पण समजावणार कोण, रात्री पावणेदहाला?

@चोखंदळ, जाहिरात आली की हा कॉलम कापतात हे खरं. पण सगळ्यात शेवटी कापतात. आधी कापतात ते सत्कार.

म्हाळसा

'शेवटचं पान', दंडवत. पण एक जुनं दुखणं आहे ते काढतेच.

"माजी सरपंच अमुक यांना मातृशोक." हा मथळा कुणी शोधून काढला? बाई गेली तिचं नाव मथळ्यात नाही. बातमीच्या पहिल्या ओळीत पुन्हा मुलाचं नाव, त्याची पदं, त्याची पतसंस्था. तिसऱ्या ओळीत "यांच्या मातोश्री श्रीमती". माझी आजी गावची सुईण होती. आसपासच्या वाड्यांतली कित्येक माणसं तिच्या हातावर जन्मली. तिच्या वार्तेत यातला एक शब्द नव्हता. मुलाची पतसंस्था मात्र पूर्ण नावानिशी, मर्यादितसकट.

पुरुष गेला तर "निवृत्त एसटी चालक", "प्रसिद्ध आडत व्यापारी", "जुन्या काळातील मल्ल". बाई गेली तर पत्नी नाहीतर आई. जन्मभर भांगलण केली तरी धंदा शून्य.

शेवटचं पान

@म्हाळसा, बचाव करतो असं समजू नका, कारण सांगतो. मथळ्याचं काम ओळख पटवणं. वाचणाऱ्याला त्या माउलीचं कागदावरचं नाव माहीत नसायचं, "अमक्याची आई" माहीत असायचं. शिवाय कळवणारा मुलगाच असतो आणि तो स्वतःचंच नाव आधी सांगतो.

दुसरं कारण कमी सभ्य आहे. माजी सरपंच जाहिरात देतो.

म्हाळसा

दुसरं कारण पटलं :)

पहिलं नाही. "सुईण" लिहिलं असतं तर ओळख मुलाच्या नावापेक्षा लवकर पटली असती.

शेवटचं पान

हे मात्र मान्य. कुणी सांगितलं असतं तर छापलं असतं. विचारायला हवं होतं ते मात्र आमच्यापैकी कुणी विचारत नव्हतं.

रत्नांगीरकरीण

कोकणातून लिहिते. आमच्याकडे रक्षाविसर्जनाचं एवढं नाही. आमच्याकडे पेपर लागतो तो सुतकासाठी.

एका वाडीची भावकी म्हणजे पन्नास घरं, त्यातली निम्मी मुंबईत. गावात भावकीतलं कुणी गेलं की सगळ्यांना सुतक, अगदी परळ-लालबागच्या खोलीतल्या माणसालासुद्धा. आधी पोस्टकार्ड यायचं, कोपरा फाडलेलं. कोपरा फाटलेला दिसला की आई ते उंबऱ्याबाहेरच वाचायची आणि तिथेच फाडून टाकायची. घरात ठेवायची नाही. पण कार्ड पोचेपर्यंत निम्मे दिवस उलटलेले असायचे. म्हणून मुंबईतले काही चाकरमानी गावाकडचा पेपर टपालाने मागवायचे. रत्नागिरी-चिपळूणकडची दैनिकं आणि साप्ताहिकं अशी शिळी होऊन मुंबईत पोचायची आणि तरी वाचली जायची.

भाद्रपदात तर विचारूच नका. सुतक असलं की घरात गणपती बसत नाही. रजा मंजूर, एसटीचं आरक्षण झालेलं, मूर्ती सांगून ठेवलेली, आणि चतुर्थीच्या चार दिवस आधी चुलत-चुलत काका जातो. मग वडील पिढ्या मोजायला बसायचे: हे आपल्यात सात पिढ्यांच्या आत येतात का बाहेर? काही घरांत मुद्दाम पेपर उघडायचा नाही असंही चालायचं. कळलंच नाही तर सुतक नाही, हा युक्तिवाद आमच्या मोठ्या काकांचा. गुरुजींना विचारलं तर ते हसून विषय बदलायचे.

आमच्याकडच्या वार्तेत शेवटी "उत्तरकार्य" असतं, तारखेसह. त्या तारखेला मुंबईहून गाडी करून लोक येतात. त्यामुळे एक दिवस उशीर झाला तरी कोकणात फारसं बिघडत नाही. कृष्णाकाठ म्हणतात ते गणित आमच्याकडे तेवढं ताणलेलं नाही.

गल्लीकर

बेळगावातून नमस्कार.

आमच्याकडे हे सदर म्हणजे शहराचा नकाशा. कोनवाळ गल्ली, अनंतशयन गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, शहापूर, वडगाव. माणसाच्या नावाआधी गल्ली येते. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' काढला तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९५६ ला ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सरकारी कागद कन्नडमध्ये यायला लागले. मृत्यूचा दाखलाही. पण निधनवार्ता मराठीतच राहिली. माझ्या वडिलांचं नाव शेवटचं मराठीत छापलं गेलं ते त्या सदरात. महापालिकेच्या दाखल्यावर ते कन्नडमध्ये आहे आणि आडनावाचं स्पेलिंग इंग्रजीत तिसरंच.

यातून सीमाप्रश्नाचा धागा काढायचा नाहीये, मालक. फक्त नोंद.

अवांतर: आमच्याकडेही रक्षाविसर्जनच. सकाळी सात-आठला. ऑफिसला जाणाऱ्यांच्या सोयीने वेळ ठरते आणि लोक खरोखर तिथून थेट ऑफिसला जातात.

पाणवठा

सगळे छान आठवणी काढताहेत. मी थोडं वेगळं लिहितो.

आमच्या वस्तीतलं माणूस गेलं तर पेपरात येत नव्हतं. कुणी बंदी घातली नव्हती. पण वार्ताहर गावठाणात राहायचा, त्याच्यापर्यंत कपटा नेऊन द्यायचा कुणी? आणि नेला तरी काय लिहायचं? निवृत्त अमुक नाही, प्रसिद्ध तमुक नाही. मजुरी करत होते असं लिहिलेली निधनवार्ता मी तरी लहानपणी पाहिली नाही.

फरक पडला तो पहिली शिकलेली पिढी निवृत्त होऊ लागली तेव्हा. तलाठी, कंडक्टर, शिक्षक, वीज मंडळातला लाइनमन. त्यांच्या आईवडिलांच्या वार्ता यायला लागल्या. शब्दही बदलले. "कैलासवासी" आम्हाला चालत नाही. आम्ही "कालकथित" लिहितो. शेवटी "जलदान विधी व पुण्यानुमोदन कार्यक्रम" आणि बुद्धविहाराचा पत्ता. सुरुवातीला उपसंपादक ते बदलून "दशक्रिया विधी" करायचे. मुद्दाम असेल असं नाही. त्यांच्या साच्यात तेवढंच होतं. पण दहावा घालायचा नाही म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर घरात भांडण केलं, त्याच्याच नावापुढे दशक्रिया छापून यावी? एकदा आम्ही दहा-बाराजण ऑफिसात जाऊन बसलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी नीट छापलं.

शेवटचं पान

@पाणवठा, असं घडायचं. साचा हाच शब्द बरोबर. नंतर आमच्या टेबलावर काचेखाली एक यादीच ठेवलेली होती: वारकरी असेल तर वैकुंठवासी आणि नावाआधी ह.भ.प., लिंगायत असेल तर लिंगैक्य, मुस्लिम असेल तर पैगंबरवासी आणि शेवटी जियारतची वेळ, ख्रिश्चन असेल तर ख्रिस्तवासी आणि प्रार्थनासभा, बौद्ध असेल तर कालकथित. दहन लिहिण्याआधी विचारायचं, कारण लिंगायत घरांत दफन असतं. यादी झाली ती तुमच्यासारखे लोक येऊन बसले म्हणून.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या नागपुरात एवढं लांबण नसतं भौ. नाव, वय, वस्ती, एवढ्यात काम. "अंत्ययात्रा राहत्या घरून सकाळी ११ वाजता निघेल, अंत्यसंस्कार गंगाबाई घाट." मानेवाडा घाट, अंबाझरी घाट, मोक्षधाम, जो जवळ असेल तो.

म्हणजे आमच्याकडे पेपर अंत्ययात्रा गाठतो! रात्री गेलेल्या माणसाचं सकाळी नाहीतर दुपारी करतात, पोरगं पुण्या-बंगलोरहून यायचं असतं. रात्री बारापर्यंत फोन गेला तर सकाळच्या शहर आवृत्तीत येते. तेरवीचं बोलावणं नंतर वेगळं. खेड्यात मात्र हे जमत नाही, तिथली आवृत्ती लवकर छापतात.

कृष्णाकाठ

@वऱ्हाडी ठेचा, हे माहीत नव्हतं. म्हणजे माझं गणित गावागावाप्रमाणे बदलतं, पण मूळ तेच: पेपर जे गाठू शकतो तेच शेवटच्या वाक्यात येतं.

आवृत्तीचा मुद्दा निघाला म्हणून. जिल्ह्याला एक आवृत्ती होती तोवर आटपाडीची वार्ता मिरजेत वाचली जायची. मग प्रत्येक तालुक्याला वेगळं पान आलं. तालुक्याच्या बातम्या वाढल्या, सगळे खूश झाले. पण आटपाडीची वार्ता आटपाडीच्याच पानात अडकली. जिथे सगळ्यांना आधीच माहीत आहे तिथेच ती छापून यायला लागली. माझ्या मते सदर तिथे लंगडं झालं, व्हॉट्सॲप नंतर आलं.

शेवटचं पान

+१. हे आम्ही बैठकीत बोललो होतो. उत्तर मिळालं की दोन्हीकडे हवी असेल तर जाहिरात द्या.

चोखंदळ

जाहिरातींवरून आठवलं. ते "प्रथम पुण्यस्मरण" कुणी वाचतं का हो? फोटो, खाली "शोकाकुल" म्हणून पंचवीस नावं, त्यात तीन महिन्यांच्या नातवाचंही. नाव टाकलं नाही की भांडण, टाकलं तरी क्रमावरून भांडण.

म्हाळसा

आमच्याकडे मी आवर्जून वाचते, कारण त्यात कार्यक्रम असतो. "कीर्तन सकाळी १० ते १२, पुष्पवृष्टी ठीक १२ वाजता, नंतर महाप्रसाद." सगळे पावणेबाराला पोचतात. कीर्तनकाराला हे माहीत असतं, तोही रंग शेवटच्या पंधरा मिनिटांतच भरतो. (हलके घ्या.)

गिरगाव ते बोरिवली

मुंबईची भर. आमच्या मजल्यावर गुजराती कुटुंब होतं. त्यांच्याकडे 'मुंबई समाचार' यायचा. फर्दुनजी मर्झबानांनी १८२२ मध्ये काढलेला, अजून चालू आहे. त्यातल्या मरणनोंधीपुढे आपल्या निधनवार्ता फारच त्रोटक. मूळ गाव, सध्या राहणार कुठे, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, सासरपक्ष, माहेरपक्ष, मामाकडचे. बाईचं माहेर त्यात आवर्जून येतं, हे म्हाळसाताईंसाठी. काठियावाडातलं गाव, मालाडचा पत्ता आणि सासर घाटकोपरचं, अशी एकेक नोंद. व्यापारी समाज, सगळीकडे पसरलेला; कोण कुणाचं हे कळायला दुसरी सोय नव्हती. शेवटी प्रार्थनासभेची वेळ, नाहीतर "लौकिक व्यवहार बंद ठेवला आहे" अशी सूचना. म्हणजे येऊ नका. आपल्याकडे येऊ नका असं लिहायची सोय नाही, ते कोविडपर्यंत कुणाला सुचलंही नव्हतं.

कोविडचं निघालंच तर, मे २०२१ मध्ये गुजरातेतल्या वर्तमानपत्रांची पानंच्या पानं या नोंदींनी भरली होती. सरकारी आकडा आणि पेपरातल्या नोंदी यांचा मेळ बसेना, तेव्हा पत्रकारांनी त्या नोंदीच मोजायला घेतल्या. फुकटची जागाभरणी म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चोखंदळ

घेतली.

शेवटचं पान

त्या महिन्यांत मी निवृत्त होतो, पण जुने सहकारी सांगायचे. वार्तेतलं शेवटचं वाक्यच गेलं होतं. रक्षाविसर्जन नाही, उत्तरकार्य नाही. "पश्चात"वर बातमी थांबायची. आणि बऱ्याचदा एकाच आडनावाच्या दोन-तीन वार्ता एका खाली एक. त्यांना एकत्र करायचं की वेगळं ठेवायचं, हा प्रश्न रोज.

गल्लीकर

ते दिवस नको.

डब्लिनकर

इकडे आयर्लंडमध्ये आल्यावर मला वाटलं होतं की हे सगळं मागे राहिलं. छे! इथे स्थानिक रेडिओवर बातम्यांनंतर निधनवार्ता वाचतात. रोज. नाव, गाव, आणि महत्त्वाचं म्हणजे घरी भेटायला कधी जायचं, चर्चमध्ये प्रार्थना किती वाजता, दफन कुठे. ऑफिसातली आयरिश बाई सहकाऱ्याच्या मावशीच्या अंत्यसंस्काराला तीन तास गाडी चालवून गेली. तिची त्या मावशीशी ओळख नव्हती. सांगलीकरांना कौतुक वाटणार नाही, मला वाटलं.

२००५ मध्ये तिथल्या एका कुटुंबाने यासाठी संकेतस्थळ काढलं, आरआयपी डॉट आयई. आता अख्खा देश तेच बघतो. २०२४ मध्ये ते 'आयरिश टाइम्स'ने विकत घेतलं आणि जानेवारी २०२५ पासून प्रत्येक वार्तेला १०० युरो लावले. लोक जाम चिडले. बातमीला पैसे द्यायला कुणाची ना नव्हती, पण मेल्याचं कळवायला पैसे, हे त्यांना रुचलं नाही. आपल्याकडे असं कुणी का काढलं नाही? जिल्हावार, शोधता येईल असं.

कृष्णाकाठ

@डब्लिनकर, कोल्हापुरात तर लोक भाकरी अर्धी टाकून उठतील. तिथे महापालिका दहनासाठीसुद्धा पैसे घेत नाही. होळीच्या सुमारास शेणीदान (दहनासाठी गोवऱ्यांचं दान) चालतं, मंडळं ट्रॉल्या भरून पंचगंगा स्मशानभूमीत शेणी पोचवतात आणि देणाऱ्यांची नावं पेपरात येतात. तिथे वार्तेला पैसे मागून बघा.

पण तुमचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो. त्यात नाव टाकून शोधता येत नाही, मागचे अंकही काही काळाने दिसेनासे होतात. व्हॉट्सॲपवरची तर दोन दिवसांत वर सरकून जाते. पूर्वी कात्रण तरी राहायचं. आमच्याकडे पोथीत होती, घडीवर पिवळी पडलेली.

नवखा_मी

बरेच दिवस वाचनमात्र होतो, खास या धाग्यासाठी खातं काढलं. वंशावळ करतोय. पणजोबा चिपळूण तालुक्यातले, साधारण १९६० च्या आसपास गेले. श्राद्ध सर्वपित्रीला घालतात, कारण तिथी कुणालाच माहीत नाही. जुन्या पेपरात सापडेल का? सुरुवात कुठून करू?

फायलीतली धूळ

ग्रंथालयात काम करतो, म्हणून लिहितो.

पेपरापासून सुरुवात करू नका. वर्ष निश्चित नसताना फाइल चाळायला बसलात तर डोळे जातील. आधी गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याआधीच्या खेड्यांतल्या मृत्यूंची नोंद त्या बुकात. चिपळूणच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्षाकडे अर्ज करा. महसुली गावाचं नाव लिहा, वाडीचं नको. १९५५ ते १९६५ अशी मुदत मागा, एकच वर्ष मागितलं तर "नोंद आढळत नाही" असा शेरा मारून परत पाठवतात. बऱ्याच ठिकाणच्या नोंदी मोडी लिपीत आहेत, पण १९६० ची बहुधा देवनागरीत असेल.

महिना सापडला की मग पेपर. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं २०२१ च्या पुरात फार नुकसान झालं, सांगलीच्या नगर वाचनालयाचं २०१९ ला. म्हणून जाण्याआधी फोन करून काय शिल्लक आहे ते विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथेही चौकशी करा. भावकी मुंबईत होती का? मग मुंबईच्या दैनिकांच्या फायलीही बघाव्या लागतील.

शेवटचं पान

यात माझी थोडी भर. वार्तेत तारीख शोधू नका, ती क्वचित असते. "मंगळवारी निधन झाले" एवढंच असतं. अंकाच्या तारखेवरून मागे मोजायचं. दैनिक असेल तर आदल्या दिवसापासून चार-पाच दिवस मागे, साप्ताहिक असेल तर आठवडाभर, आणि तालुक्याहून आलेली असेल तर एसटीचं पाकीट चुकलं होतं असं धरून आणखी एखादा दिवस. "गेल्या मंगळवारी" असेल तर दोन मंगळवार तपासा. छापणाऱ्याच्या मनात कुठला होता ते आता त्यालाच विचारावं लागेल.

कोतवाल बुकातली तारीख आणि पेपरातला वार जुळला तर काम झालं. मग त्या वर्षाचं पंचांग काढायचं.

रत्नांगीरकरीण

आणि @नवखा_मी, गावात भटजींच्या घरी विचारा. ज्यांनी तेव्हा उत्तरकार्य केलं त्यांच्या वह्या असतात कधी कधी. वाडीचं नाव व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा, आमच्या बाजूची असेल तर मी विचारते.

नवखा_मी

व्यनि केलाय. कोतवाल बुकाच्या अर्जाला पणजोबांशी नातं दाखवणारा पुरावा जोडावा लागतो का?

फायलीतली धूळ

सातबाऱ्यावरचे जुने फेरफार असतील तर जोडा. त्यात वारसनोंद असते. आणि हो, वारसाचा फेरफार मृत्यूनंतरच होतो, त्यामुळे त्याच्या तारखेवरून तुमची दहा वर्षांची मुदत बरीच खाली येईल. ते आधी करा, मग तहसीलला जा.